पोच घेतली का? पहिलं लेकरू शाळेत घालणाऱ्या आईबापांसाठी

माझ्या थोरल्याची टीसी काढायला मी पाच चकरा मारल्या. निंदणाचे दिवस होते, म्हणजे एसटीचं भाडं वर आणि रोजीही बुडलेली. दर वेळी एकच उत्तर: साहेब मीटिंगला गेले, उद्या या. सहाव्या दिवशी बसस्टँडवर आमच्याकडचे एक रिटायर ग्रामसेवक भेटले. म्हणाले, "काऊन वं माय, तोंडानंच मांगून राहिली काय? दोन कागद लिहय. एक त्यायले दे, दुसऱ्यावर सई-शिक्का घे." झेरॉक्सच्या दुकानातून दोन कोरे कागद घेतले, तिथंच उभ्यानं लिहिले. त्याच दुपारी टीसी हातात आली. अर्जात मी कायद्याचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. तारीख लिहिली होती आणि पोच मागितली होती, एवढंच.

पुढे मी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत गेले. यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे, जवळच कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे वस्ती आहे. ज्यांचं पहिलंच लेकरू शाळेत जातंय असे आईबाप जे विचारतात, ते इथं क्रमानं लिहिते. क्रम माझा आहे, सरकारी नाही.

आधी पिशवी भरा

जाड प्लॅस्टिकची एक पिशवी घ्या आणि ती पावसाचं पाणी टपकणार नाही अशा जागी ठेवा. लेकराचा पहिला कागद म्हणजे जन्मदाखला. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिथूनच नोंद जाते, घरी झालं असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः द्यावी लागते. बारशाआधी नोंद झाली तर नावाचा रकाना कोरा राहतो. तो एका वर्षाच्या आत फुकट भरून मिळतो, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण इतकं थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा हाच दाखला आहे.

आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून नाहीतर १ जुलै. गुरुजींनी लेकराला उजव्या हातानं डोक्यावरून डावा कान पकडायला लावला, पकडता आला की सहा वर्षं पूर्ण. त्यावर आता हसू येतं, पण ती तारीख माणसाला पेन्शनपर्यंत सोडत नाही. म्हणून पहिलीत नाव टाकताना शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात काय लिहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. वाचता येत नसेल तर वाचता येणारा माणूस सोबत न्या. नाव, आईचं नाव, आडनाव, तारीख आणि जात हे सगळं जन्मदाखला व आधारशी जुळलं पाहिजे. चूक असेल तर लेकरू शाळेत असतानाच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ही नोंद बदलणं म्हणजे भिंतीला डोकं लावणं.

जातीच्या रकान्याला जास्त जपा. पुढे जात पडताळणीत जुने पुरावे मागतात: अनुसूचित जाती-जमातीसाठी १९५० च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ च्या, ओबीसींसाठी १९६७ च्या. आजोबा ज्या शाळेत दोन यत्ता शिकले असतील, तिथला उतारा आताच काढून पिशवीत टाका. शाळा पडून गेली तर रजिस्टर शोधायला कोणाकडे जाणार?

रेशनकार्डात लेकराचं नाव चढवा. ते का, हे दवाखान्याच्या भागात सांगते. अंगणवाडीतलं माता-बाल कार्ड फेकू नका, लसींचा सगळा हिशेब त्यात असतो.

शाळेत नाव टाकताना

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या तोंडी तो 'आरटीई'. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक लेकराला पहिली ते आठवी फुकट शिक्षण, हा त्याचा गाभा. बाकीचं कलमं वाचून नाही, दारात काय बोलतात त्यावरून सांगते.

"जन्मदाखला नाही? मग नाव नाही." असं म्हणता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायला कलम १४ ची बंदी आहे. आधार नाही म्हणूनही नाकारता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली तसं सांगितलं आहे. कागद नंतर द्या, लेकरू आज वर्गात बसवा.

"टीसी आणा, मग पाहू." तुम्ही सरकारी किंवा अनुदानित शाळेत नाव टाकत असाल तर टीसीला उशीर झाला म्हणून लेकराला बाहेर ठेवता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं टीसी ताबडतोब दिली पाहिजे, अडवली तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. मला हे तेव्हा माहीत असतं तर पाच रोज वाचले असते.

"दहा वर्षांचा झाला आणि शाळा पाहिली नाही, आता पहिलीत बसवू?" नाही. त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं काम शाळेचं. दहा वर्षांच्या पोराला सहा वर्षांच्या पोरांत बसवलं की ते आठ दिवसांत शाळा सोडतं, हे मी पोडावर पाहिलंय.

"ॲडमिशनची तारीख गेली." सत्राच्या अधेमधे आलेल्या लेकरालाही घ्यावं लागतं. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईकडून परत आलेल्या घरांचा इथं घोळ होतो, तेवढं ध्यानात ठेवा.

प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. नसेल तर प्रवासाच्या सोयीसाठी अर्ज करा. मुलींसाठी पाचवी ते बारावी एसटीचा पास फुकट आहे, आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेस ज्या तालुक्यांत आहेत तिथं त्या मुलींना शाळेत नेण्यासाठीच दिल्या आहेत. बस आपल्या फाट्यावर थांबत नसेल तर आगार व्यवस्थापकाला सरपंचाच्या सहीनं पत्र द्या. आमच्याकडे दोन पत्रांत थांबली.

वेचणी, विटाभट्टी आणि परगाव

कापूस वेचायच्या वेळी हजेरी निम्म्यावर येते. लेकराला शेतात नेऊ नका असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हिला काय जातं बोलायला. खरंय. पण घर महिनोनमहिने बाहेर जाणार असेल, विटाभट्टीला किंवा ऊसतोडीला, तर निघायच्या आधी शाळेत जाऊन शिक्षण हमी कार्ड मागा. ते दाखवून लेकरू जिथं जाल तिथल्या सरकारी शाळेत बसतं आणि परत आल्यावर इथलं नाव कायम राहतं. आजी-आजोबांजवळ ठेवून जाणार असाल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. ते काही आपोआप सुरू होत नाही, किती लेकरं मागे राहणार याची यादी शाळेनं वेळेत पाठवावी लागते. ती यादी दिवाळीच्या आधी गेली का, हे विचारणं आपल्या हातात आहे.

आणि मागे राहणाऱ्या आजीजवळ एक चिठ्ठी लिहून ठेवा: लेकराचं नाव, आईबापाचे फोन, 'आमच्या गैरहजेरीत दवाखान्यात आजीनं सही करावी' एवढं वाक्य आणि तुमची सही. जिवावरच्या वेळी डॉक्टर सहीसाठी थांबत नाही, थांबूही नये. पण साध्या टाक्याला दवाखाना घरचं कोण आहे ते विचारतो.

मारणं, नापास, हाकलणं

शाळेत लेकराला मारता येत नाही. पालथ्या हातावर पट्टी नाही, अंगठे धरणं नाही, जातीवरून किंवा बोलीवरून टोमणे तर नाहीच. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही आहेत. आपले लोकच म्हणतात, "मारा गुरुजी, हाडं आमची, मांस तुमचं." असं म्हणून आपण लेकराच्या वाटचा हक्क देऊन टाकतो.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर फेरपरीक्षा, आणि तिथंही राहिलं तरच त्याच वर्गात बसवतात. पण आठवी होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. लैंगिक छळाची शंका जरी आली तरी समिती, बैठक, समजूत यात वेळ घालवू नका. सरळ पोलीस ठाणं किंवा १०९८ ही लेकरांसाठीची हेल्पलाइन गाठा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते, आणि आई जवळ बसू शकते.

समितीत बसा

यावर मी थोडी जास्त बोलणार. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या. अध्यक्ष पालकांतून निवडतात, मुख्याध्यापक सचिव असतो. कायद्यानं आईबापाच्या हातात याहून मोठी किल्ली दिलेली नाही. आणि गावात होतं काय? मुख्याध्यापक रजिस्टर घेऊन वावरात येतात, "ताई, सही करा, मीटिंग झाली." आपण विळा बाजूला ठेवून सही करतो. मीही दोनदा केली. दुसऱ्या वेळी कळलं की सही केली त्या ठरावात संडासाच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला होता, आणि मुली तर अजून नाल्याकडेच जात होत्या.

म्हणून असं करा. पालकसभेत समिती निवडतात तेव्हा हजर राहा, सभा सकाळी कामाच्या वेळेत ठेवली तर संध्याकाळची मागा. निवडून आल्यावर महिन्याची बैठक शाळेतच होऊ द्या. कोऱ्या पानावर सही करू नका, ठराव वाचून घ्या, लिहिलेल्या शेवटच्या ओळीखाली रेघ मारायला सांगा. शाळेला आलेल्या अनुदानाचं पासबुक दरवेळी पाहा. शाळा विकास आराखडा हीच समिती करते, त्यात पाण्याची टाकी, मुलींचा संडास, उतरता रस्ता असं सगळं लिहून घ्या. आराखड्यात नसलेल्या गोष्टीला पैसा मागता येत नाही.

पोषण आहाराकडे पाहायलाही याच समितीच्या बाया लागतात. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. हजेरी किती, तांदूळ किती शिजला, याचा गुणाकार आपली सातवीतली पोरगीही करते. एक दिवस सांगून न जाता जा आणि पोरांच्या पंगतीत बसून जेवून पाहा. कुणाला वेगळं बसवतात का, तेही तिथंच दिसतं.

कॉन्व्हेंटवाल्यांसाठी थोडंसं

आपल्याकडे इंग्रजी शाळा म्हटली की ती कॉन्व्हेंटच, मग पाटी कुठलीही असो. विनाअनुदानित खासगी शाळेत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या लेकरांसाठी असतात. ऑनलाइन अर्ज, मग सोडत. उत्पन्नाची १ लाखाची अट आर्थिक दुर्बलांसाठी आहे, अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. राज्य सरकारनं २०२४ साली सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केली. प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, लेकराची किंवा तुमची मुलाखत घेता येत नाही. "डोनेशन" म्हणाले की पावती मागा. पावती देत नाहीत, यातच उत्तर आहे.

अंगणवाडीपासून दवाखाना

बाळंतपण दवाखान्यात झालं तर पुढच्या ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी आली पाहिजे: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जाऊन नवजात बाळाला सांभाळायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं उभी केली, मग देशानं घेतली. पहिल्या वर्षात बाळ आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध आणि नेआणीची गाडी फुकट.

अंगणवाडीत वजन झालं की आकडा विचारा. "बरं आहे" हे उत्तर घेऊ नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाला पट्टी लावून घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण. मग त्याला ग्राम बाल विकास केंद्र किंवा दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र लागतं. तिथं साधारण १४ दिवस राहावं लागतं, आईला बुडीत मजुरी मिळते. बाया जायला का कू करतात, कारण घरी दुसरं लेकरू असतं. ती अडचण सिस्टरला सांगा, लपवू नका. आदिवासी भागात अमृत आहार योजनेची अंडी किंवा केळी गरोदर-स्तनदा आईला आणि सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना असतात, ती मिळतात का पाहा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. डॉक्टर १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांना तपासतात. आपण समजतो, आले, वजन केलं, गेले. पण फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, तिरळा डोळा, हृदयाचं छिद्र यांचं ऑपरेशन याच वाटेनं फुकट होतं. गाडी कधी येणार ते शाळेतून आधी विचारून घ्या, त्या दिवशी लेकराला वेचणीला नेऊ नका, आणि संदर्भपत्र दिलं तर त्याची झेरॉक्स पिशवीत. त्या एका कागदावर पुढचं सगळं चालतं.

शाळेत गुलाबी-निळ्या लोहाच्या गोळ्या आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात. लस असो की गोळी, कशाची आहे ते विचारायचा हक्क आपला आहे. त्या दिवशी लेकरू तापलेलं असेल तर सांगा, नंतर देतील. व्हॉट्सॲपवरच्या भीतीनं मात्र अडवू नका.

सिकलसेल

विदर्भात लेकराच्या आरोग्याची गोष्ट सिकलसेलशिवाय, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराशिवाय, पुरी होत नाही. हातापायांना सूज, वारंवार ताप, पिवळे डोळे, सांध्यात कळा, आणि पोरगं "कामचोर" ठरतं. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी. सरकारी दवाखान्यात फुकट. दुसरी चाचणी झाल्याशिवाय वाहक की रुग्ण हे ठरत नाही, म्हणून पहिल्या चिठ्ठीवर थांबू नका. आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. यात आईचा दोष नाही, कुळाचा नाही.

रुग्ण असेल तर शाळेला लिहून द्या: पाणी प्यायला आणि लघवीला मधेच सोडावं, उन्हात पळवू नये, कळ आली की घरी फोन करावा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. त्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा. दहावी-बारावीला तासाला २० मिनिटं जादा, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना, या सगळ्यांसाठी आधी कागद लागतो. रिपोर्ट वर्गात मोठ्यानं वाचू देऊ नका. विशेषतः मुलीचा. लग्नाच्या वेळी गाव तो विसरत नाही.

दवाखान्याच्या आत

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, केसपेपरपासून उपचार फुकट आहेत. नागपूरचं मेडिकल आणि मेयो हे मोठे सरकारी दवाखाने वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, तिथला हिशेब वेगळा. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. यादीतल्या दवाखान्यात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो. पैसे भरायच्या आधी त्याच्याकडे जा, नंतर नाही. रेशनकार्डात लेकराचं नाव लागतं ते इथं.

सही करण्याआधी विचारा: ऑपरेशन कशाचं, नाही केलं तर काय होईल, दुसरा उपाय आहे का. मराठीत सांगा म्हणा. इंग्रजी फॉर्म असेल तर वाचून दाखवायला लावा. रिपोर्ट आणि उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत. खासगी दवाखान्यानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं २०२१ पासून बंधनकारक आहे.

साप चावला तर बाबाकडे एक मिनिटही नाही. १०८ लावा, गाडी उशिरा येणार असेल तर मोटरसायकलवर मधे बसवून सरळ सरकारी दवाखाना. सापाची लस तिथं फुकट असते.

आईची सही चालते

माझ्या मावसबहिणीचा नवरा गेला, कर्जात. पोराचा फॉर्म भरताना कार्यालयातला बाबू म्हणाला, "वडिलांकडचं कोणी आणा." दीर आला नाही, फॉर्म महिनाभर पडून राहिला. असं कुठल्याही कायद्यात नाही. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हिंदू पालकत्व कायद्याचा अर्थ लावताना सांगितलं, की बाप हयात असूनही लेकराचं पाहत नसेल तर आईच नैसर्गिक पालक. बाप नसेल तिथं तर प्रश्नच नाही. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर लेकराच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं.

अडलं तर कुणाकडे

शाळेसाठी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी. आश्रमशाळा असेल तर आदिवासी प्रकल्प कार्यालय: धारणी, पांढरकवडा, अहेरी, देवरी, तुमच्या जवळचं जे असेल ते. अंगणवाडीसाठी पर्यवेक्षिका आणि बाल विकास प्रकल्प अधिकारी. पीएचसीसाठी तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्य चिकित्सक. आरटीईखालच्या लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, नाही पटला तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. हिशेब दडवत असतील तर माहिती अधिकार: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्ज असा लिहा:

"प्रति, मुख्याध्यापक. विषय: टीसी मिळणेबाबत. माझा मुलगा इयत्ता चौथीत आपल्या शाळेत शिकत होता. दिनांक अमुक रोजी मी टीसी मागितली, आजपर्यंत मिळाली नाही. ती द्यावी, न देण्याचं कारण असल्यास लेखी कळवावं. अर्जाची पोच द्यावी."

खाली नाव, सही किंवा अंगठा, तारीख, फोन. टेबलावर साहेब नसले तरी आवक-जावक पाहणारा बाबू असतो, पोच त्यानं द्यायची. "ठेवून जा" म्हणाला तर ठेवू नका. पोस्टात जा, स्पीड पोस्टानं पाठवा, पावती पिशवीत.